कोलोनोस्कोपी पूर्ण झाली का? रिपोर्टवरचे फोटो पाहून पडताळणी कशी करावी

कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण थेट शेवटची ओळ वाचतात. तिथे ‘नॉर्मल’ दिसलं की फाइल कपाटात जाते. पण ‘नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच, की जेवढं आतडं पाहिलं तेवढं नॉर्मल. पूर्ण पाहिलं का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर त्याच कागदावर चिकटवलेल्या छोट्या छोट्या फोटोंत असतं आणि त्यांच्याकडे सहसा कोणी वळूनही पाहत नाही.

जे पाहतात त्यांच्याही ठरावीक चुका होतात. फोटोतलं काळं भोक म्हणजे अपेंडिक्स, असं समजतात. ‘75 सेंटिमीटर’ हा आकडा वाचून तपासणी अर्धवट राहिली म्हणून घाबरतात. सीकमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाचा, फोटो दिसला की सगळं नीट पाहिलं गेलं, असं धरून चालतात. हे टाळायचं तर पडताळणी क्रमाने करायला हवी, म्हणून हा लेख.

आतड्याचा नकाशा आधी डोक्यात बसवा. दुर्बीण गुदद्वारातून आत शिरते आणि गुदाशय, सिग्मॉइड, डावीकडचा उतरता भाग, आडवा भाग, उजवीकडचा चढता भाग अशी उलटी वाट धरत शेवटी सीकमपर्यंत पोचते. सीकम पोटात उजवीकडे खालच्या बाजूला असतं. लहान आतडं तिथेच मोठ्या आतड्याला मिळतं आणि अपेंडिक्सही तिथूनच फुटतं. मोठ्या आतड्याचं हे शेवटचं टोक. ते सगळं दिसलं, अपेंडिक्सचं तोंड आणि लहान आतड्याची झडप यांच्यामधली भिंतसुद्धा दिसली, की दुर्बीण शेवटपर्यंत पोचली असं म्हणतात.

सावधान: ही पडताळणी योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे. फोटो पाहून स्वतःच रोगनिदान करायला बसू नका.

## टप्पा 1: तयारी तपासणीच्या आधीच करा

फोटोंची मागणी तपासणी झाल्यावर करणारे पुष्कळ असतात. तोवर यंत्रातली फाइल बंद झालेली असते आणि रिपोर्टवर चार फोटो छापून बाकीचे कुठे गेले ते काउंटरवर बसलेल्याला ठाऊक नसतं. म्हणून वेळ ठरवतानाच विचारा: “सीकमचे फोटो रिपोर्टवर येतील ना? मूळ फोटो डिजिटल स्वरूपात मिळतील का?” गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर हे विचारण्यात अर्थ नाही. ही औषधं त्या वेळची आठवणच पुसट करतात. डॉक्टरांनी तपासणीनंतर नीट समजावून सांगितलेलंही बऱ्याच जणांना घरी पोचेपर्यंत आठवत नाही. त्यासाठी सोबत असं माणूस न्या जे ऐकेल, विचारेल आणि लिहूनही घेईल.

आधी झालेल्या शस्त्रक्रिया न विसरता सांगा. उजव्या बाजूचं आतडं काढलेलं असेल तर सीकम उरलेलंच नसतं. मग लहान आतडं आणि उरलेलं मोठं आतडं जिथे जोडलंय तो सांधा, हाच तपासणीचा शेवट ठरतो आणि फोटोही त्याचाच हवा. अपेंडिक्स काढलेलं असेल तर परिस्थिती निराळी: सीकम जागेवरच असतं आणि अपेंडिक्सचं तोंड किंवा तिथला खळगा बहुतेक वेळा दिसतो. क्वचित उरलेलं टोक आतल्या बाजूला वळलेलं असतं आणि ते थेट पॉलिपसारखं, म्हणजे आतड्याच्या भिंतीवर वाढलेल्या छोट्या गाठीसारखं, दिसतं. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची कल्पना असली तर ते त्याच्याकडे त्या नजरेने पाहतील.

आणि सर्वांत मोठी तयारी म्हणजे पोट साफ करणं. आतड्यात घाण असेल तर उत्तम कॅमेराही घाणीचाच फोटो काढणार. जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत विभागून, म्हणजे काही आदल्या संध्याकाळी आणि उरलेलं तपासणीच्या दिवशी काही तास आधी घेतलं, तर आतडं जास्त स्वच्छ राहतं. यात उजव्या बाजूचा फायदा विशेष होतो. सगळं औषध आदल्या रात्रीच संपवलं तर लहान आतड्यातून पाझरणारा पित्तमिश्रित चिकट थर सकाळपर्यंत नेमका सीकमवर पसरतो. दुसरा हप्ता तपासणीच्या किमान दोन तास आधी संपायला हवा. नेमक्या वेळा मात्र तुमच्या डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणेच पाळा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी आणि चिकट होते, त्या किती दिवस आधी थांबवायच्या तेही विचारून घ्या. मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पडताळा: शेवटी शौचाला फक्त पारदर्शक, फिकट पिवळं पाणी होत असेल तर तयारी झाली. पाणी गढूळ किंवा तपकिरी असेल तर तपासणीआधी तिथल्या नर्सना किंवा डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी गप्प बसलात तर नुकसान तुमचंच होतं.

## टप्पा 2: फोटो मूळ स्वरूपात मिळवा

रिपोर्टच्या कागदावरचे फोटो तिकिटाएवढे असतात. प्रिंटरची शाई उतरत आलेली असली तर गुलाबी आतडं विटकरी दिसतं आणि झडपेच्या कडा कुठच्या कुठे हरवतात. एवढ्यावरून ठरवायला बसू नका. मूळ फाइली पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर मागा. कोणी व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जाऊन बारकावे निघून जातात. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो हा सगळ्यांत वाईट पर्याय.

फोटो मिळाले की आधी आतडं पाहू नका, कडेची पट्टी पाहा. काळ्या चौकटीत गोलसर कोपऱ्यांचं चित्र आणि एका बाजूला नाव, नोंदणी क्रमांक, वय, तारीख आणि वेळ, अशी मांडणी बहुतेक यंत्रांत असते. प्रत्येक फोटोवर तुमचंच नाव आणि त्याच दिवसाची तारीख आहे ना? आधीच्या रुग्णाची फाइल बंद न करताच पुढची तपासणी सुरू झाली, तर फोटो एकमेकांत मिसळू शकतात. नाव रिकामं असेल किंवा तारीखच भलती असेल तर तिथेच थांबा आणि केंद्रावर विचारा. फोटो कोणाचा हेच नक्की नसेल तर त्यात काय दिसतंय याला काही किंमत नाही.

सावधान: दुसरं मत घेताना ही पट्टी कापू नका. पण तोच फोटो कुठल्या ग्रुपमध्ये टाकणार असाल तर नाव आणि क्रमांक झाकल्याशिवाय टाकू नका.

## टप्पा 3: आधी लेखी भाग वाचा आणि चार गोष्टी टिपा

फोटोंवर जाण्यापूर्वी रिपोर्टमधल्या या चार गोष्टी एका कागदावर उतरवा.

पहिली: दुर्बीण कुठपर्यंत गेली? ‘सीकमपर्यंत’ किंवा ‘टर्मिनल इलियमपर्यंत’ असं लिहिलेलं असेल तर पूर्ण तपासणीचा दावा आहे. टर्मिनल इलियम म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक, सीकमच्या पलीकडचं. ‘असेंडिंग कोलनपर्यंत’ (चढत्या भागापर्यंत), ‘हेपॅटिक फ्लेक्शरपर्यंत’ (यकृताजवळच्या वळणापर्यंत) किंवा ‘लिमिटेड स्टडी’ (मर्यादित तपासणी) असं असेल तर रिपोर्टच सांगतोय की टोक गाठलं नाही. शेवटची ओळ ‘नॉर्मल’ असली तरी हे वाक्य तिच्याहून महत्त्वाचं.

दुसरी: ठरलं काय होतं? काही वेळा फक्त डाव्या बाजूची तपासणी ठरलेली असते, तिला सिग्मॉइडोस्कोपी म्हणतात. तिच्यात सीकमचा फोटो शोधत बसण्यात अर्थ नाही. आतड्याला तीव्र सूज असेल किंवा वाट अरुंद झाली असेल तर पुढे जाणं धोक्याचं असतं. अशा वेळी डॉक्टर मुद्दाम थांबतात आणि ते योग्यच असतं. फक्त थांबल्याचं ठिकाण आणि कारण लिहिलेलं हवं.

तिसरी: आतडं किती स्वच्छ होतं? स्वच्छतेला गुण देणारं बोस्टन स्केल वापरलं असेल तर उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी 0 ते 3 गुण असतात, एकूण 9. एकूण 6 किंवा जास्त आणि शिवाय प्रत्येक भागाला किमान 2 गुण असतील तर तयारी पुरेशी मानतात. नुसती बेरीज पाहिली तर इथे फसायला होतं. समजा उजव्या भागाला 1, मधल्याला 3 आणि डाव्याला 3 गुण आहेत. बेरीज 7 म्हणजे ऐकायला चांगली. पण उजवी बाजू धड दिसलेलीच नाही, तेव्हा ही तपासणी पुरेशी नाही.

चौथी: दुर्बीण मागे घेताना किती वेळ लागला? याचा उपयोग पुढे आहे.

‘दुर्बीण 75 सेंटिमीटर गेली’ असा आकडा वाचून पुष्कळ जण हबकतात. आतडं दीड मीटरच्या आसपास आणि दुर्बीण 75 सेंटिमीटर, म्हणजे निम्मंच पाहिलं की काय? तसं नसतं. आतडं दुर्बिणीवर चुण्या पडून गोळा होतं आणि वेटोळी सोडवून दुर्बीण सरळ केली की सीकमजवळ साधारण 70 ते 80 सेंटिमीटरच आत असते. उलट 120 सेंटिमीटर आत गेली म्हणून ती टोकाला पोचलीच असंही नाही, ती सिग्मॉइडमध्ये वेटोळं घालून बसलेली असू शकते. म्हणून सेंटिमीटरवरून काहीही ठरवू नका. पोटावर बाहेरून उजेड दिसला किंवा बोटाने दाबल्याचं आत कळलं, या खुणाही भरवशाच्या नाहीत. खरा पुरावा म्हणजे आतल्या ओळखीच्या जागा.

## टप्पा 4: फोटो वेळेनुसार लावा

रिपोर्टवर फोटो ज्या क्रमाने छापलेत तोच ते काढल्याचा क्रम असेल असं नाही. पट्टीवरची वेळ पाहून त्यांना 1, 2, 3 असे क्रमांक द्या. वेळ तास-मिनिट-सेकंदात असते. यंत्राचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळलं नाही तरी बिघडत नाही, कारण आपल्याला दोन फोटोंमधलं अंतर हवंय.

साधारण असं चित्र दिसतं: आत जाताना फारच थोडे फोटो, मग सीकमपाशी एकामागून एक दोन-तीन, मग परत येताना एकेका भागाचे, आणि शेवटी गुदाशयाचा. युरोपातल्या गॅस्ट्रोइंटेस्टाइनल एंडोस्कोपी सोसायटीने 2001 मध्ये मोठ्या आतड्यासाठी 8 ठरावीक फोटोंची यादी सुचवली होती. गुदाशयाचा खालचा भाग, सिग्मॉइडचा मध्य, उतरता भाग, आडव्या भागाची दोन्ही टोकं, चढता भाग, इलिओसीकल झडप (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली) आणि अपेंडिक्सच्या तोंडासह सीकम. तुमच्याकडे आठच्या आठ असतीलच असं नाही. सीकमचे मात्र असायला हवेत. आठांत तडजोड करायची वेळ आली तर मी बाकीच्या सहांवर करेन, शेवटच्या दोनांवर नाही.

वेगवेगळे भाग ओळखायला थोडी मदत: आडव्या भागाची पोकळी बहुतेक वेळा त्रिकोणी दिसते. यकृत आणि प्लीहा यांच्याजवळच्या वळणांवर भिंतीतून निळसर छटा जाणवते. गुदाशयात दुर्बीण उलटी वळवून काढलेला फोटो सहज ओळखू येतो, कारण त्यात गुदद्वारातून आत शिरलेली दुर्बिणीची काळी दांडीच दिसते.

## टप्पा 5: सीकम ओळखा

पडताळणीचा गाभा हाच आहे, इथे घाई नको. सीकम सिद्ध करायला एक फोटो सहसा पुरत नाही. दोन किंवा तीन वेगवेगळ्या अंतरांवरून काढलेले हवेत आणि ते एकमेकांना दुजोरा देणारे हवेत.

अ. लांबून काढलेला फोटो. यात सीकमचं तळ एका नजरेत येतं. आतड्याच्या लांबीभर धावणाऱ्या स्नायूंच्या तीन पट्ट्या इथे एकत्र येतात आणि त्यामुळे भिंतीवर कावळ्याच्या पायासारखी तीन बोटांची घडी उमटते. पुढे वाट नसते. एका कडेला झडपेचा जाड ओठ डोकावत असेल तर फोटो फारच चांगला, कारण तळ आणि झडप यांचं एकमेकांशी असलेलं नातं त्यात दिसतं.

आ. अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो. तीन घड्या मिळतात त्याच्या आसपास एक बारीक फट किंवा छोटा खळगा असतो. बहुधा ती सरळ भोकासारखी न दिसता चंद्रकोरीसारखी वाकलेली असते. त्या कोरीला धनुष्य समजून त्यावर बाण लावला तर तो सहसा झडपेच्या दिशेने रोखलेला असतो. झडप शोधताना डॉक्टरही या खुणेचा उपयोग करतात. हा फोटो अगदी जवळून काढलेला असेल तर त्यात फक्त एक खड्डा आणि भोवती लाली उरते, आणि तो कुठला खड्डा हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. थोडं मागे येऊन, आजूबाजूच्या घड्यांसकट काढलेला फोटोच उपयोगी.

इ. झडपेचा फोटो. इलिओसीकल झडप सीकमच्या तळापासून काही सेंटिमीटर अलीकडे, एका ठळक घडीवर बसलेली असते. तिच्यात चरबी असल्याने ती शेजारच्या घड्यांपेक्षा जाड आणि पिवळसर दिसते. बाजूने पाहिलं तर नुसता फुगवटा दिसतो, समोरून पाहिलं तर दोन ओठ आणि मधली फट. फटीतून पिवळसर द्रव किंवा बुडबुडे येताना टिपले असतील तर शंका आणखी कमी होते. नुसता जाड फुगवटा दिसतोय, फट नाही, असा फोटो कमजोर धरा. चरबीची साधी गाठही तशी दिसते.

ई. लहान आतड्याचा फोटो. झडपेतून आत जाऊन टर्मिनल इलियमचा फोटो काढला असेल तर तो भक्कम पुरावा. इथे मोठ्या आतड्यासारख्या ठळक घड्या नसतात. पृष्ठभाग मखमली, बारीक केसाळ दिसतो. आतड्यात थोडं पाणी सोडून फोटो काढला तर हे केस तरंगताना स्पष्ट दिसतात. तरुणांमध्ये इथे बारीक दाणे दिसणं सामान्य आहे, त्याने घाबरू नका. इथून बायोप्सी (तपासणीसाठी काढलेला छोटा तुकडा) घेतली असेल तर तिचा रिपोर्टही कामाला येतो: त्यात लहान आतड्याची ऊती असल्याचं लिहिलं असेल तर दुर्बीण तिथवर पोचली होती, हे सूक्ष्मदर्शकानेच सांगितलं. मात्र सरसकट प्रत्येक तपासणीत इलियममध्ये जावंच लागतं असं नाही. हा फोटो नसला तर तपासणी अपुरी ठरत नाही.

पडताळा: तळ, अपेंडिक्सचं तोंड आणि झडप. यांतल्या किमान दोन खुणा तुम्हाला किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना बोट ठेवून दाखवता येतात का? येत असतील तर पुढे जा.

## टप्पा 6: फसवे फोटो वेगळे काढा

सर्वांत जास्त होणारी गल्लत: फोटोच्या मधोमध काळं वर्तुळ दिसतं आणि लोक त्याला अपेंडिक्सचं तोंड म्हणतात. ते वर्तुळ म्हणजे पुढची वाट. उजेड लांबवर पोचत नाही म्हणून ती काळी दिसते. उलट मधोमध मोठं काळं वर्तुळ असेल तर तिथे आतडं संपलेलं नाही, पुढे आणखी आहे.

दुसरी गल्लत डायव्हर्टिक्युलमची, म्हणजे भिंतीत पडलेल्या छोट्या खिशाची. त्याचं तोंड गोल आणि स्पष्ट असतं, आजूबाजूला तसेच आणखी खिसे असू शकतात आणि तीन घड्या तिथे येऊन मिळत नाहीत. एकट्या अपेंडिक्सच्या फोटोवर भिस्त ठेवू नये ती याचसाठी.

तिसरी गल्लत डॉक्टरांचीही होऊ शकते: यकृताजवळच्या वळणावर आतडं एवढं मुरडतं की टोक आल्यासारखं वाटतं. खाली साचलेलं पाणी आणि समोर भिंत, सीकमचाच भास. म्हणून फोटोत फक्त ‘बंद टोक’ दिसत असेल, पण झडपही नाही आणि अपेंडिक्सचं तोंडही नाही, तर तो सीकमचा पुरावा मानू नका.

उरलेले फोटो तांत्रिक कारणांनी बाद होतात. हलल्यामुळे अंधुक, लेन्सवर थेंब, फेसाने झाकलेले, ओल्या भिंतीवर उजेड परतून पांढरे पडलेले. एक-दोन असे निघणारच. पण सीकमचा म्हणून दिलेला एकुलता एक फोटो असा असेल तर प्रश्न विचारायला हवा.

सावधान: फोटो पटत नाही म्हणून दुर्बीण पोचलीच नव्हती, असा निष्कर्ष काढू नका. नुसत्या स्थिर फोटोवरून अनुभवी तज्ज्ञांचंही नेहमी एकमत होत नाही. काही सीकम चांगले फोटो देतच नाहीत. व्हिडिओ जतन केलेला असेल तर तो फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगतो, तेव्हा त्याचीही चौकशी करा.

## टप्पा 7: पोचले ते कळलं, आता पाहिलं किती ते बघा

सीकमचा फोटो दुर्बीण पोचल्याचं सांगतो. आतडं नीट पाहिल्याचं सांगत नाही. खरी तपासणी होते ती परत येताना, घडीघडीमागे डोकावत. म्हणून शेवटच्या सीकम-फोटोची वेळ आणि गुदाशयाच्या शेवटच्या फोटोची वेळ, यांतलं अंतर काढा. समजा सीकमचा फोटो 10:42:15 चा आणि गुदाशयाचा 10:51:40 चा असेल, तर अंतर 9 मिनिटं 25 सेकंद.

पॉलिप काढला नाही, बायोप्सी घेतली नाही, अशा तपासणीत परतीला सरासरी किमान 6 मिनिटं द्यावीत हा बरीच वर्षं चालत आलेला निकष. अमेरिकेतल्या गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी संस्थांनी 2024 मध्ये तो 8 मिनिटांवर नेला. हे आकडे डॉक्टरांच्या अनेक तपासण्यांच्या सरासरीसाठी आहेत, तेव्हा तुमची साडेपाच मिनिटांत आटोपली म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. पण दोन मिनिटांत कोणी आतडं नीट पाहू शकत नाही, हेही तितकंच खरं. पॉलिप काढला असेल तर त्यासाठी लागलेला वेळ यातून वजा करावा लागतो.

त्याच वेळी परतीच्या फोटोंत भिंत किती दिसते ते पाहा. गुलाबी भिंत, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, असं दिसत असेल तर स्वच्छता चांगली. तपकिरी थर, कण किंवा डबकी दिसत असतील आणि रिपोर्टवर मात्र ‘उत्तम तयारी’ लिहिलेलं असेल, तर ही विसंगती कागदावर टिपून ठेवा.

## टप्पा 8: डॉक्टरांशी बोला, आणि कसं बोलायचं ते ठरवून जा

टिपणाचा कागद आणि फोटो घेऊन जा. “तुम्ही पूर्ण तपासणी केलीत का?” असं विचारलं तर समोरचा माणूस दुखावतो आणि उत्तर ‘हो’ एवढंच येतं. त्यापेक्षा म्हणा: “डॉक्टर, यातला सीकमचा फोटो कोणता? झडप कुठे दिसते ते दाखवाल का?” डॉक्टर फोटोवर बोट ठेवतील आणि अर्ध्या मिनिटात शंका मिटेल. रिपोर्टवर फोटो नसेल तर विचारा: “यंत्रात आणखी फोटो साठवलेले असतील का? रिपोर्टला ते जोडून द्याल का?” पुष्कळदा छापताना चारच फोटो निवडलेले असतात आणि सीकमचा मागेच राहिलेला असतो.

एवढं करूनही पुरावा मिळाला नाही, किंवा तपासणी अपूर्ण राहिल्याचं ठरलं, तर पुढचा निर्णय तपासणी कशासाठी केली होती यावर ठरतो. शौचात रक्ताचा अंश सापडला म्हणून किंवा लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं म्हणून तपासणी केली असेल, तर उजवी बाजू न पाहता सोडून चालत नाही. उजवीकडच्या गाठी बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारं रक्त हळूहळू गाळत राहतात आणि पहिली खूण म्हणून फक्त अशक्तपणा जाणवतो. इथे ‘बघू पुढच्या वर्षी’ असं करू नका.

पर्याय कारणावर ठरतात. पोट साफ नव्हतं तर जास्त काटेकोर तयारी करून पुन्हा तपासणी, आणि तीही वर्षाच्या आत. वेटोळ्यांमुळे किंवा वेदनेमुळे दुर्बीण गेली नाही तर बारीक दुर्बीण, जास्त अनुभवी हात किंवा सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे मोठ्या आतड्याचं सीटी स्कॅन. गाठीमुळे वाट अडली असेल तर पलीकडचं आतडं शस्त्रक्रियेआधी स्कॅनने किंवा शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत दुर्बिणीने पाहावं लागतं. ते कधी करायचं याची तारीख लेखी मागा.

सावधान: केवळ फोटो नाही म्हणून लगेच दुसरी कोलोनोस्कोपी करून घेऊ नका. रक्तस्राव, आतड्याला छिद्र पडणं असे धोके कमी असले तरी असतात. आधी साठवलेले फोटो, व्हिडिओ, बायोप्सीचा रिपोर्ट आणि तज्ज्ञाचं दुसरं मत, हे सगळं होऊ द्या.

## टप्पा 9: जपून ठेवा

पूर्ण, स्वच्छ आणि काहीही न सापडलेली तपासणी असेल तर सर्वसाधारण जोखमीच्या व्यक्तीला पुढची तपासणी 10 वर्षांनी, असं अनेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण हे अंतर ‘पूर्ण’ आणि ‘स्वच्छ’ या दोन अटींवरच उभं आहे. दहा वर्षांनी डॉक्टर बदललेले असतील, केंद्रातलं यंत्र आणि त्यातला साठाही बदललेला असेल. त्या वेळी हाताशी असतील ते तुम्ही ठेवलेले फोटोच.

फाइलींना अर्थ लागेल अशी नावं द्या: तारीख, मग भाग, म्हणजे ‘सीकम-लांबून’, ‘अपेंडिक्स-तोंड’, ‘झडप’. त्याच फोल्डरमध्ये रिपोर्ट, बायोप्सीचा कागद आणि घेतलेल्या जुलाबाच्या औषधाचं नाव व वेळा ठेवा. एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाकडे असू द्या. तयारी या वेळी कमी पडली असेल तर तसं ठळक लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टर सुरुवातीपासूनच जास्त औषध आणि वेगळ्या वेळा देतील.